बाबांशी रोज बोलणारी मी

एका संध्याकाळी जेवताना बाबांनी मला डोळा मारला.

आमचे बाबा डोळा मारणाऱ्यांपैकी नव्हते. रेल्वेच्या भांडार विभागात ते हेडक्लार्क होते, मद्रासजवळ तांबरमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो, आणि माझ्या पंधरा वर्षांत ते माझ्याशी जे काही बोलले होते त्यातलं बहुतेक 'अभ्यास झाला का' आणि 'पंखा बंद कर' या दोन वाक्यांत मावलं असतं. त्यामुळे मला आधी वाटलं, त्यांच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

"मग? पोट काय म्हणतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणे!" ते खूश होऊन हसले. आई भात वाढायला वाकली तशी त्यांनी मान खाली घातली. "असू दे, असू दे. इथे नको. उद्या बोलू आपण."

दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. ऑफिसातून येताना मात्र कागदात बांधलेले फणसाचे गरे घेऊन आले. मला फणसाचा वास सहन होत नाही. समोरच्या घरी फणस कापला की मी खिडकी लावून बसायचे, हे आख्ख्या मजल्याला माहीत होतं.

"बाबा, हे कशाला?"

"तूच म्हणालीस ना, खावासा वाटतोय?"

"मी? कधी?"

"बरं बरं," म्हणत त्यांनी पुन्हा तो डोळा मारला. मी नाक दाबून दोन गरे गिळले. कारण एकच, बाबांना इतकं आनंदात मी कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी सकाळी ते शर्ट घालून दारात उभे राहिले. "चल, तयार हो. मंजूर आहे."

"काय मंजूर आहे?"

"केसांचं. तुझी विनंती."

माझी वेणी कमरेपर्यंत होती आणि तिचा मला फार अभिमान होता. शाळेत तमिळ मुलींच्या लांबसडक वेण्यांशी बरोबरी करू शकेल अशी तेवढीच एक गोष्ट माझ्याकडे होती. तरीही मी मुकाट्याने बाबांबरोबर पार्लरमध्ये गेले. का गेले, हे आजही लोकांना सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं. माझी खात्री झाली होती की माझ्या डोक्यात उवा झाल्यात, बाबांनी त्या पाहिल्यात, आणि माझा मान राखण्यासाठी ते विनंतीबिनंती म्हणतायत. पार्लरवाल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" बाबा अभिमानाने म्हणाले, "तिचीच इच्छा आहे." मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अंगठा वर केला. कात्री फिरली.

घरी आईने दार उघडलं आणि मला खांद्याला धरून पाठमोरं वळवलं. मग म्हणाली, "कुणाला विचारून?"

"तिलाच विचारून!" बाबा म्हणाले.

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं आणि रडायला लागले.

बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते मी विसरलेले नाही. आपल्याच माणसाने भर साक्षीत उलटावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "तिथे एक बोलतेस आणि इथे एक," ते एवढंच म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले.

"तिथे म्हणजे कुठे?" आईने मला विचारलं. मला माहीत नव्हतं. तिला वाटलं, ऑफिसातल्या ऑडिटचा ताण डोक्यात गेला. त्या दिवसापासून ती रोज बाबांच्या टाळूवर ब्राह्मी तेल थापू लागली. बाबा तेही मुकाट्याने थापून घ्यायचे, बहुधा त्यांना वाटत होतं की हीसुद्धा माझीच विनंती आहे.

तिथे म्हणजे कुठे, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. ते दिवस दोन हजार सात-आठच्या आसपासचे होते. शाळेतल्या जवळपास प्रत्येकाचं त्या वेळच्या एका साइटवर खातं होतं. तिथे प्रत्येकाची एक वही असायची, स्क्रॅपबुक, आणि लोक एकमेकांच्या वहीत जाऊन निरोप लिहायचे. माझं खातं नव्हतं. आमच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता, आणि ब्राउझिंग सेंटरमध्ये जायला आईची परवानगी नव्हती. म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर मी साऱ्या वर्गात सर्वांत सुरक्षित मुलगी होते.

तरीही शाळेने पालकांसाठी एक व्याख्यान ठेवलं. इंटरनेटवर मुलांना कसे धोके असतात, अनोळखी लोक कसे गोड बोलून माहिती काढतात, असं एका पोलीस अधिकाऱ्यांनी सांगितलं. बाबा पहिल्या रांगेत बसून वहीत टिपून घेत होते. शेवटी अधिकारी म्हणाले, "मुलांवर ओरडू नका. त्यांचे मित्र व्हा. तिथेही त्यांचे मित्र व्हा." बाबांनी हे वाक्य दोन रेघा मारून अधोरेखित केलं. ती वही मी नंतर पाहिली.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या एका ज्युनिअरला शेजारी बसवून त्यांनी त्या साइटवर खातं काढलं. आता सरकारी माणसाला फॉर्म दिसला की त्यात एकही रकाना रिकामा ठेवता येत नाही. रिकामा रकाना म्हणजे फॉर्म परत. त्यामुळे बाबांनी सगळं भरलं. क्वार्टरचा नंबर, घरचा फोन, जन्मतारीख, रक्तगट. आवडती पुस्तकं विचारली होती तिथे रेल्वेचे सेवानियम. 'तुमचा आदर्श जोडीदार' या रकान्यात आईचं लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं पूर्ण नाव. 'तुम्हाला काय आकर्षित करतं' इथे ते बराच वेळ अडले, असं तो ज्युनिअर पुढे सांगत असे. शेवटी त्यांनी लिहिलं, 'लागू नाही'.

मग त्यांनी माझं नाव शोधलं. आणि मी सापडले.

तिथे मी होते. मंडळाच्या गणपतीत काढलेला नऊवारीतला माझा फोटो होता, नाव, शाळा, इयत्ता सगळं बरोबर होतं. आईची परवानगी नसताना मुलीचं खातं आहे हे पाहून त्यांना राग यायला हवा होता. पण व्याख्यानात ओरडू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मैत्रीची विनंती पाठवली. संध्याकाळी ती मान्य झाली. आणि दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर माझ्या बाबांनी एका बोटाने टाइप करून माझ्या वहीत पहिला निरोप लिहिला, 'जेवलीस का?'

दुसरीकडून उत्तर आलं, 'जेवले. तुम्ही?'

तीन आठवडे हे चाललं होतं. मला याचा पत्ता नव्हता.

आता त्या बुधवारबद्दल. माझा गणिताचा क्लास पल्लावरमला असायचा. क्लास सुटला की स्टेशनवर यायचं, सहा चाळीसची गाडी पकडायची, तांबरमला उतरायचं. त्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर उभी होते. शर्ट खोचलेला, डब्याची पिशवी हातात असलेला तिशीतला एक माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बँकेतले लोक दिसतात तसा दिसत होता. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला आणि त्याने मला हाक मारली.

ती हाक माझं शाळेतलं नाव घेऊन मारली असती तर मी इतकी घाबरले नसते. त्याने माझं घरातलं नाव घेतलं. ते नाव फक्त आई, बाबा आणि पुण्याची आत्या घ्यायची. मद्रासमध्ये ते दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"पोटदुखी बरी आहे आता?" त्याने तमिळमध्ये विचारलं. "केस छान दिसतात. फोटोत लांब होते."

मी दप्तर छातीशी धरून एक पाऊल मागे सरले.

"घाबरतेस कशाला? तुझे अप्पा मला ओळखतात. सहा चाळीसची ना? लेडीज डबा, दुसरं दार. आज ती जाऊ दे, नंतरच्या गाडीने जाऊ. समोर कॉफी घेऊ."

एवढ्यात गाडी आली. दुसरं दार नेमकं माझ्यापुढे आलं, आणि तो माझ्यामागे तिथवर आला. मी उडी मारून आत शिरले. दाराशी एक फुलवाली बाई मोगऱ्याची टोपली मांडीवर घेऊन बसलेली होती. मी तिच्या खांद्याला धरलं आणि मला सुचलं तेवढंच तमिळमध्ये म्हटलं, "अक्का, हा माणूस." तिने त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिने जे तोंड सोडलं, त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला अजून कळलेला नाही. सबंध प्लॅटफॉर्म वळून बघायला लागला. गाडी हलली तेव्हा तो माणूस पिशवी छातीशी धरून जिन्याच्या दिशेने चालला होता, फार घाई नसल्यासारखा.

तांबरम येईपर्यंत फुलवालीने माझा हात सोडला नाही. उतरताना तिने माझ्या कापलेल्या केसांकडे पाहून हळहळत गजरा माळायचा प्रयत्न केला. तो कशातच अडकेना.

घरी आले आणि सगळं सांगितलं. आई पांढरीफटक पडली. बाबा चप्पल घालून निघालेच होते, पण दारात थांबले.

"पोटाबद्दल विचारलं त्याने?"

"हो."

"पण ते तर फक्त तुला आणि मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? मलाच माहीत नाही! माझं पोट दुखलंच नाही!"

"तू स्वतः लिहिलंस."

"कुठे लिहिलं?"

मग बाबांनी, खाली बसून, चोरी कबूल करावी तसं सगळं सांगितलं. व्याख्यान, खातं, विनंती, डबा खाल्ल्यावरचा रोजचा अर्धा तास. आई ऐकत होती. बाबांचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, माझं खातं नाही." ते म्हणाले, "असं कसं? मी रोज बोलतो ना तुझ्याशी." हे त्यांनी इतक्या भाबडेपणाने म्हटलं की क्षणभर मलाच वाटलं, असेल बुवा.

आम्ही तिघं तशीच खाली उतरून बाजारातल्या ब्राउझिंग सेंटरला गेलो. एका खुर्चीच्या केबिनमध्ये तीन माणसं मावत नव्हती, म्हणून मालकाने पडदा वर बांधून आम्हाला स्टूल आणून दिलं. बाबांनी एका बोटाने पासवर्ड टाकला. तो माझा जन्मदिवस होता आणि टाकताना ते मोठ्याने म्हणत होते. मग माझी वही उघडली.

मी वाचत गेले. आई माझ्या खांद्यावरून वाचत होती.

'डब्याला काय हुतं?' असं मी विचारलं होतं. बाबांनी लिहिलं होतं, 'कोबी.' मी लिहिलं होतं, 'मज कोबी आवडत नाही.' बाबांनी लिहिलं होतं, 'मलाही नाही. आईला सांगू नकोस.'

"आवडत नाही?" आई म्हणाली. "सोळा वर्षं झाली, आता सांगताय?"

"पुढे वाच," बाबा पुटपुटले.

पुढे एका ठिकाणी बाबांनी विचारलं होतं, 'वेळेवर निघालीस ना? गाडी मिळाली?' मी विचारलं होतं, 'कोणती गाडी?' आणि त्यावर बाबांनी सविस्तर कळवलं होतं. विसराळू कुठली, पल्लावरमहून सहा चाळीसची, लेडीज डबा, दुसरं दार, दर सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझ्या क्लासची वेळ मीच बाबांना विचारतेय यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. मी अभ्यासात गढलेली असते, असं त्यांनी समजून घेतलं होतं. मग मी विचारलं होतं, 'लहानपणी मज काय म्हणत हुतां?' बाबांनी घरातलं नाव लिहिलं होतं. आपण मेमध्ये पुण्याला कधी जाणार, तेव्हा किल्ली कोणत्या कुंडीखाली असेल, हेही लिहिलं होतं.

आणि मध्येमध्ये मोठमोठे निरोप होते. बाबा मद्रासला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना तमिळचा एक शब्द येत नव्हता. आठवडाभर हॉटेलात शेजारच्या ताटाकडे बोट दाखवून ते जेवले आणि एकदा नुसतं पाणी आणायला सांगता येईना म्हणून खोलीवर येऊन रडले. हे त्यांनी मला, म्हणजे तिला, सांगितलं होतं. तिने लिहिलं होतं, 'बाबा, मग काय केलां?' पुढच्या दिवशी त्यांनी उरलेलं सांगितलं होतं. मी हे कधी ऐकलंच नव्हतं, कारण कधी विचारलंच नव्हतं. त्या स्टुलावर बसून मला भीती वाटत होती, ती ठीक होती. पण त्याबरोबर चक्क मत्सर वाटत होता, आणि तोही माझाच.

"पण मला कळत नाही," बाबा म्हणाले, "हे आपलं खासगी बोलणं. त्या माणसाला कसं कळलं?"

बाबांच्या मागे उभ्या असलेल्या सेंटरच्या मालकाने घसा खाकरला. "सार, स्क्रॅपबुक सगळ्यांनाच दिसतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सगळ्यांना, सार. मी पण रोज वाचतो." मग माझ्याकडे बघून अतिशय आदराने त्याने इंग्रजीत सांगितलं, "गुड डॉटर. व्हेरी गुड डॉटर." त्याला मराठी ऐकून थोडंफार कळायचं, वाचता येत नव्हतं. त्याच्याकडे येणारा आमच्या क्वार्टर्समध्ये टपाल टाकणारा एक मराठी पोस्टमन त्याला रोज अर्थ सांगायचा. हेअरकटच्या दिवशी तिथे दहाबारा जण वाट बघत होते म्हणे, परवानगी मिळते की नाही. ते सगळे कोण, हे मालकालाही सांगता येईना.

बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. अनोळखी लोक गोड बोलून माहिती काढतात हे त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं. इथे कुणाला गोड बोलायची वेळसुद्धा आली नव्हती. त्यांनी स्वतःच, रोज, एका बोटाने, गावजेवणाच्या पंगतीत वाढावी तशी माझी सगळी माहिती वाढून ठेवली होती.

आई पुढे होऊन बारीक नजरेने अक्षरं वाचत होती. "पण ही बया कोण?" ती म्हणाली.

ते मला मघाशीच कळलं होतं. 'मज', 'हुतां', 'केलां' या बाबांना टायपिंगच्या चुका वाटल्या होत्या, पण असं मराठी मद्रासमध्ये माझ्या ओळखीची एकच मुलगी बोलायची.

ती माझी वर्गमैत्रीण. त्यांचं घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी लोकांपैकी. आमच्याकडे पोथीत उरलेले शब्द त्यांच्या घरात भाजी निवडताना वापरायचे, आणि मध्येच सगळं वाक्य तमिळ होऊन जायचं. क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत ते राहायचे. घरी कॉम्प्युटर होता, ब्रॉडबँड होतं. वडील ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात होते. तिथे उत्पादनाची नवी लाइन सुरू झाली होती, त्यामुळे ते ती उठायच्या आधी जायचे आणि ती झोपल्यावर यायचे. आई बँकेत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला न जाता तिच्या दारात उभी राहिले. माझे केस कापल्यापासून ती तापाच्या निमित्ताने शाळेत आलीच नव्हती. तिने माझे केस पाहिले आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या वेणीकडे गेला.

"खरंच कापिले?" ती म्हणाली. "ऐयो. मी आपलं विचारून बघिटलं. आमच्या घरी तर विचारूंही देत नाहीत."

"माझ्या नावाचं खातं का काढलंस?"

"तुझं नव्हतं म्हणून. वर्गातले सगळे हुते, तू नव्हतीस. तुला दाखवून गंमत करायची हुती. तोंवर तुझे बाबा आले."

"मग नाही म्हणायचं!"

"तुझ्या बाबांना नाही कसं म्हणूं?" तिला हे खरोखर अशक्य वाटत होतं. "मोठी माणसं. दारात आली तर या म्हणायचं ना? मग ते विचारिले, जेवलीस का म्हणून. मी जेवले हुते. खरं तेच सांगिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारिले. आतां मी काय करूं? बंद केलं तर त्यांस वाईट वाटेल. खरं सांगिटलं तर तुला ओरडतील. आणि..." ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत राहिली. "पोट माझंच दुखत हुतं. परीक्षेचं भय झालं की दुखतं. कुणास सांगिटलं नव्हतं. तुझे बाबा रोज विचारीत."

"आणि फणस?"

"मज फणस फार आवडतो. ते म्हणाले, आणतो. मग आणिला ना?"

मी तिला त्या माणसाबद्दल सांगितलं. ती खाली बसली. सगळं सांगून होईपर्यंत तिला रडू फुटलं होतं आणि ती हुंदके देत देतच आत जाऊन कॉम्प्युटर सुरू करत होती. त्या दुपारी तिने मला पुसून टाकलं. आधी फोटो गेला, मग वही, मग मी. मी तिच्या शेजारी बसून बघत होते. शेवटी साइटने विचारलं, नक्की ना? तिने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

बाबा पोलिसांत तक्रार द्यायला गेले, मला घेऊन. ठाण्यातले हवालदार वयाने मोठे आणि फार समजूतदार होते, पण त्यांनाही तक्रार कागदावर उतरवताना घाम फुटला.

"मुलीची गाडीची वेळ कुणी जाहीर केली?"

"मी," बाबा म्हणाले.

"घरातलं नाव?"

"मीच."

"किल्ली कुठे असते?"

"तेही मीच. पण किल्ली आता हलवली आहे. ती आता..."

"सार," हवालदारांनी हात वर केला, "कृपा करून मला सांगू नका."

माणसाचं वर्णन त्यांनी नीट लिहून घेतलं. स्टेशनवर लक्ष ठेवतो म्हणाले, आणि ठेवलंही. पण खोचलेला शर्ट आणि डब्याची पिशवी या वर्णनाची माणसं संध्याकाळी पल्लावरमच्या प्लॅटफॉर्मवर शेकड्यांनी असतात. तो सापडला नाही. मला पुन्हा कधी दिसलाही नाही. तरी पुढचं सबंध वर्ष मी प्रत्येक पिशवीकडे बघत राहिले. ही गोष्ट घरात सगळे हसून सांगतात, मीही सांगते, पण तेवढा भाग मी घाईने सांगून टाकते.

बाबांनी मात्र त्यांच्या परीने बंदोबस्त केला. महिनाभर रोज कुणीतरी माझ्या सोबतीला येऊ लागलं. कधी भांडारातला शिपाई, कधी तो ज्युनिअर, एकदा तर रुळांची तपासणी करणारे दोन गँगमन, खांद्यावर हातोडे घेऊन. लेडीज डब्यात पुरुषांना बसता येत नाही म्हणून ते शेजारच्या डब्यात चढायचे आणि प्रत्येक स्टेशनला खाली उतरून खिडकीतून मी आहे का बघायचे. त्या दिवशी फुलवालीने त्यांनाही शिव्या घातल्या. मी मध्ये पडून समजावलं तेव्हा तिने त्या गँगमनना सांगितलं, तुम्ही घरी जा, ही माझ्याजवळ बसेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी तिच्याजवळच बसले.

मैत्रिणीशी मी दोन आठवडे बोलले नाही. पण बाबा तिच्याकडे गेले. मला कळलं तेव्हा मी फार चिडले. तिची तक्रार करायला गेले असतील असंच मला वाटलं. तिच्या आईने पुढे सांगितलं की ते दारात उभे राहून म्हणाले होते, "मुलीचं पोट दुखतं, डॉक्टरांना दाखवा." बाकी काही नाही. निघताना जिन्यात ती भेटली तेव्हा दोघांना काय बोलावं कळेना. तीन आठवडे रोज बोललेली ही दोन माणसं एकमेकांना ओळख दाखवायला लाजत होती. शेवटी बाबांनी विचारलं, "जेवलीस का?" तिने मान हलवली आणि पळाली.

बाबांनी आपलं खातंही बंद केलं. त्यासाठी त्यांनी आधी साइटला एक पत्र टाइप केलं होतं, संदर्भ आणि विषय घालून. ज्युनिअरने समजावलं की तिथे नुसतं बटण असतं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं वाढलं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. बाबा पुन्हा 'अभ्यास झाला का'वर आले, मी पुन्हा 'हं'वर. एकदा धीर करून मी विचारलं, "बाबा, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पाणी कसं मागितलं मग?" ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सांगितलं की तुला." मग त्यांच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाले. आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, थोडं अडखळत. तिला लिहिलेलं जास्त चांगलं जमलं होतं. तसं मी त्यांना म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली ती कायमची. दर रविवारी पुण्याच्या आत्याचा फोन यायचा आणि बाबा तिला माझं सगळं सांगायचे, मार्क, सर्दी, कुणाशी भांडले ते. त्या वर्षी सहामाहीचा निकाल लागला आणि आत्याचा फोन आला. बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मला विचारलं, "गणिताचे सांगू का?"

मला गणितात अठ्ठेचाळीस पडले होते. मी मान हलवून नको म्हटलं.

बाबांनी हात काढला. पलीकडून आत्याचा आवाज मला ऐकू येत होता, ती पुन्हापुन्हा विचारत होती. बाबा अवघडून उभे होते. आयुष्यात त्यांनी बहिणीपासून काही लपवलं नव्हतं.

"ते तिचं आहे," शेवटी ते म्हणाले. "तिला विचार." आणि फोन माझ्यापुढे धरला.